ताई, तुझा लॅपटॉप चालू झाला

ताई, तू माझ्याकडे टाकून गेलेलं काम झालं. नवी डिस्क बसली, आतलं सगळं जिथल्या तिथे आहे आणि बटण दाबलं की आता तो लगेच उघडतो. हे सांगायला मी फोन हातात घेतला होता. तुझं नाव लावलं आणि वाजायच्या आत कट केला. तुझा फोन भाऊजींनी बंद करून कपाटात ठेवलाय, तो वाजलाच नसता. तरी कट केला.

लोक विचारतात, कसा आहेस. मी बरा आहे म्हणतो आणि ते खोटं नाही. जेवतो, झोप लागते, ऑफिसातली बिलं बरोबर पास करतो. दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर गाल असतो, पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो. तसं काहीतरी झालंय. मनीषा मधूनमधून माझ्याकडे बघत राहते. रडत का नाही, असं तिला विचारायचं असावं. तिने विचारलं नाही तेच बरं.

त्या रविवारी तू विरारहून आमच्याकडे एव्हरशाईनला आलीस ती कापडी पिशवी छातीशी धरून. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला तुझा तो पिटुकला लॅपटॉप. शाळेच्या पाटीपेक्षा थोडा मोठा. झाकणावरचा रंग तुझ्या मनगटाने घासून गेलेला. चप्पल काढायच्या आधीच सुरू झालीस.

"पम्या, हा आता माझ्याच्याने होत नाही. सकाळी बटण दाबते, देवपूजा करून येते, तरी ते चाक गोल गोल फिरतंच आहे."

"नवा घे म्हणून कधीपासून सांगतोय मी."

"नवा नको. तू म्हणाला होतास ना, आतलं ते काढून दुसरं घालता येतं. काय ते, एसटी."

"एसएसडी."

"तेच. ती घाल. पण आतलं सगळं जसं आहे तसं ठेव. एकसुद्धा गोष्ट इकडची तिकडे करायची नाही."

इथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणालो, नवी डिस्क घालायचीच तर सगळं नव्याने भरू. जुनी विंडोज कशाला, जुने फॉन्ट कशाला? तू ज्यात मराठी टाइप करतेस ते तुझ्या मशीनशिवाय कुठेच उघडत नाही. कुणाला पाठवलं तर त्याला नुसत्या किड्यामुंग्या दिसतात. नव्या पद्धतीचं मराठी घे, फोनवरही दिसेल. तू आमटीत भात कालवत ऐकत होतीस. मग म्हणालीस, "माझी बोटं जुनी आहेत. ती बदलून देतोस का?"

"ताई, पण लग्नाच्या पत्रिका आता छापतं कोण? लोक मोबाइलवर फिरवतात."

"फिरवतात. पण आधी कुणीतरी लिहावं लागतं ना?"

मनीषा हसली आणि मी चिडलो. चिडलो म्हणजे आपण दोघं लहानपणापासून चिडतो तसाच, जेवण संपेपर्यंत पुरणारा राग. जाताना तू लिफ्टपाशी उभी राहून मला बजावलंस, "बुधवारी न्यायला येते. उरलेलं भांडण तेव्हा. आणि जयवंतीच्या मुलीची पत्रिका आहे त्यात, सांभाळ." जयवंती म्हणजे अर्नाळ्याची, सुकी मासळी विकणारी, तुझं जुनं गिऱ्हाईक. मी म्हणालो, "लिफ्ट आली."

मी तुझ्याशी शेवटचं जे बोललो ते हे. लिफ्ट आली.

सोमवारी ऑफिसातून आल्यावर मी तो उघडला. पाठीवरचे स्क्रू काढून स्टीलच्या वाटीत ठेवले. आत बघतो तर पंख्यावर धुळीची पांढरी गादी बसलेली आणि तिच्यात एक साबुदाणा. तुझ्या उपासाचा. तो मी चिमटीने काढला आणि तुला चिडवायला बाजूला ठेवून दिला. जुनी डिस्क काढून माझ्या कॉम्प्युटरला वायरने जोडली, शेजारी नवी जोडली आणि आधी सगळं कॉपी करून घ्यावं म्हटलं. जसं आहे तसं ठेवायचं की नव्याने भरायचं, ते बुधवारी तुझ्याशी भांडून ठरवलं असतं. कॉपी थोडी पुढे गेली आणि डिस्क टक् टक् आवाज करायला लागली. मग सगळं थांबलं. डिस्कवरच्या काही जागा खराब झाल्या होत्या, त्या वाचता येत नव्हत्या. म्हणूनच तो तुझ्या पूजेइतका वेळ घेत होता. मी वायर काढली आणि उद्या बघू म्हणून तसाच टेबलावर सोडून दिला.

मंगळवारी सकाळी भाऊजींचा फोन आला.

"पमोद, ये."

"काय झालं भाऊजी?"

"तू ये फक्त."

"ताई बरी आहे ना?"

 म्हणाले, "ती उठत नाहीये."

पुढचं तुला काय सांगू? सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नाहीच. माणसं आली, सगळं रीतीने झालं. स्मशानात मला कुणीतरी बाकावर बसवलं. तिथे बसून मी मनीषाला फोन केला. ती तुझ्या घरी बायकांमध्ये बसलेली होती.

"टेबलावरची वाटी कुणी हलवली नाही ना?"

"कसली वाटी?"

"ताईचे स्क्रू आहेत त्यात."

 ती म्हणाली, "नाही हलवत हं कोणी." लहान मुलाशी बोलतात तशा आवाजात. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. एक स्क्रू बाकीच्यांपेक्षा आखूड होता, तो हरवला असता तर तसा मिळाला नसता. त्या सगळ्या वेळात मी एवढाच विचार करत होतो.

तुमचं दोघांचंच घर. भाऊजी तुझ्या कामाच्या टेबलाशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होते. तीच त्यांची नेहमीची जागा. तुझी खुर्ची रिकामी होती आणि घरात एवढी माणसं असून तिच्यावर कुणी बसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी कार्याच्या पत्रिकेचा विषय निघाला. त्यांचा पुतण्या नीलेश म्हणाला, "काकीची पत्रिका मी मोबाइलवरच करतो. ॲप आहे. फोटो टाकायचा, नाव टाकायचं, समई आपोआप येते."

भाऊजी त्या दिवसभरात पहिल्यांदा बोलले. "नको. तिच्या मशीनवर करू. मशीन पमोदकडे आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मशीन माझ्याकडे होतं, पण उघडं, पोटातलं बाहेर काढून ठेवलेलं. आणि डिस्क टक् टक् करत होती.

"हो," मी म्हणालो. "घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा बसलो. मनीषा ऑफिसला गेली होती, घरात मी एकटाच. खरं सांगू? शहाण्या माणसाने ती जुनी डिस्क तिथेच सोडली असती. नव्या डिस्कवर सगळं ताजं भरायचं, नवं मराठी टाकायचं, दुपारपर्यंत पत्रिका तयार. मी रविवारी तेच तर सांगत होतो. आता अडवायला तू नव्हतीस. पण भांडणात जिंकायचं तर समोर कुणीतरी लागतं. मी जुनीच डिस्क परत जोडली. खराब जागा येतील त्या सोडून पुढे जा, असा एक पर्याय असतो, तो निवडला. ती रेघ पुढे सरकायला लागली.

ती फार हळू सरकत होती. मध्येच डिस्क टक् टक् करायची, रेघ थांबायची. मी उठून पंखा तिच्याकडे वळवला, डिस्क तापू नये म्हणून. आणि बसून राहिलो. दुसरं काही सुचत नव्हतं.

मला आठवत होता तो आपला टायपिंग क्लास. तू बारावी झाल्यावर बाबा म्हणाले, कॉलेज पुरे, काहीतरी हाताला येईल असं शीक. तू मराठी टायपिंग निवडलंस आणि ते तुझ्यावर नाराज झाले, कारण त्यांना इंग्रजी हवं होतं. आई कामावर जायची, घरात मला बघायला कुणी नाही, म्हणून तू मला बरोबर न्यायचीस. मी मागच्या बाकावर बसून चित्रं काढायचो. खोलीभर मशीनांचा आवाज. त्यात तुझी कुठली ते मला न बघता कळायचं. बाकीच्या मुली दामटून मारायच्या, तुझा आवाज सारखा एका लयीत यायचा, आणि ओळ संपली की घंटी. एकदा मी त्या आवाजात झोपलो आणि तू मला खांद्यावर टाकून घरी आणलंस. मी तेवढाही लहान नव्हतो. तू मात्र तेवढीशीच होतीस.

नंतर माझ्या नोकरीचा पहिला अर्ज तू टाइप केलास. नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन आलो, तर तू पेढा हातात धरून म्हणालीस, "अर्जात एक चूक राहिली होती. त्यांना दिसली नाही वाटतं." वर्षभर मी तुला विचारत होतो, कुठली चूक? तू सांगितलंच नाहीस. आता ते कुणाला विचारायचं?

थँक्यू वगैरे आपल्यात कधी नव्हतं. मी तुला ते कधी म्हटलं असतं तर तू माझा ताप बघितला असतास. आताही लिहायला जमत नाही. पण त्या दिवशी पंखा डिस्कवर धरून बसलो होतो, ते मी पत्रिकेसाठी बसलो नव्हतो. एवढं समजून घे.

दुपार उलटून गेली तेव्हा रेघ शेवटाला पोचली. खाली लिहून आलं की काही जागा वाचता आल्या नाहीत. कुठल्या, ते नाही. त्यात तुझं काय गेलं ते मला अजून कळलेलं नाही. कदाचित एखादं गाणं असेल, कुणाची तरी जुनी नामकरणाची पत्रिका असेल. कदाचित काहीच नसेल. नवी डिस्क आत बसवली, वाटीतले स्क्रू एकेक करून घट्ट केले. आखूड स्क्रू त्याच्या जागी गेला. बटण दाबलं.

ताई, मी श्वास घेऊन सोडेपर्यंत तो उघडला. तुझा तो केवडा वाहिलेल्या गणपतीचा फोटो आणि त्याच्यावर तू अस्ताव्यस्त पसरवलेल्या फाइली. "लग्न", "लग्न नवीन", "लग्न नवीन खरं". गणपतीच्या सोंडेवर "सोसायटी नोटीस पाणी". सगळं जसं होतं तसं. एरवी असं काम जमलं की मी घरभर नाचतो, मनीषाला ओढून आणून दाखवतो. त्या दिवशी मी झाकण लावलं, तुझ्याच टॉवेलमध्ये गुंडाळला आणि विरारला निघालो.

तुझ्या टेबलावर ठेवला. भाऊजींनी एकदा त्याच्यावरून हात फिरवला. म्हणाले, "बस." मी तुझ्या खुर्चीकडे बघितलं. ते परत म्हणाले, "बस की. उभ्याने कसं लिहिणार?" मग बसलो. त्यांनी चष्मा लावला, नीलेशने लिहून आणलेला कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचायला सुरुवात केली. तुला ते आयुष्यभर मॅटर वाचून दाखवत आले, तसंच. त्याच सपाट आवाजात. "सप्रेम नमस्कार. स्वल्पविराम. पुढची ओळ. आमच्या येथे."

मला तुझा कीबोर्ड येत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. टाइपरायटरचा तो. बटणांवर इंग्रजी अक्षरं आणि आत भलतंच काही. मी एकेक बटण दाबून बघत होतो, कुठे काय उमटतं ते. भाऊजी थांबत होते. मी ओळ पुरी केली की पुढचं वाचत होते. तीन शब्द, थांबा. दोन शब्द, थांबा. पुतण्या येऊन बघून गेला.

मग ते म्हणाले, "कै. टिंब. आणि तिचं नाव."

क मिळाला. वरच्या दोन मात्रा मिळेनात. मी सगळीकडे शोधलं. भाऊजी कागदावरून नजर न काढता म्हणाले, "उजव्या करंगळीने ते खालचं मोठं बटण धरायची ती. आणि डाव्या हाताने मात्रा मारायची." त्यांना मराठी टायपिंग येत नाही. ते फक्त शेजारी बसून तुझे हात बघत आलेत.

मात्रा उमटल्या. आणि मला आईची पत्रिका आठवली. तेव्हाही याच टेबलावर. तू टाइप करत होतीस, मी मागे उभा होतो आणि म्हणालो, आईच्या नावाआधी ते कै. नको. वाचवत नाही. तू हात न थांबवता म्हणालीस, "दोन मात्रा न देता आई परत येणार असेल तर नाही देत." मी बाहेर निघून गेलो होतो. तू कशी लिहू शकलीस, याचा मला कितीतरी दिवस राग होता. आता मी तुझं लिहिलं आणि मला कळलं की लिहिता येतं. हात लिहितात. त्याला धैर्य वगैरे लागत नाही. तुझंही तेव्हा असंच झालं असणार आणि आपण ते कधी बोललोच नाही.

पत्रिका छापून झाली त्याच संध्याकाळी जयवंती आली. दारातच थांबली. टोपली नव्हती, हात रिकामे होते, ते कुठे ठेवावे ते तिला कळत नव्हतं. "मला कोनी सांगलंच नाय दादा," ती भाऊजींना म्हणाली. "बाजारात कलला. मी मंगलवारी हितूनच गेले, वाटलं उद्या येऊ." ती खाली भिंतीला टेकून बसली. पाणी दिलं ते प्यायली. पत्रिकेचं नावही काढलं नाही तिने.

ते भाऊजींनी काढलं. "मुलीची पत्रिका राहिलीय तुझी."

"राव दे आता. ते नंतर."

"लग्न थांबणार आहे का?" ते मला म्हणाले, "उघड रे ती फाइल."

तेव्हा आतल्या खोलीतून तुझ्या नणंदबाई बाहेर आल्या. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. "दादा, घरात सुतक आहे. आत्ताच त्या मशीनवर वहिनीची पत्रिका केलीत. त्याच्यावर लग्नाचं काढता? त्यांच्या मुलीलाच बरं नाही ते." मग जयवंतीकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीच सांगा बाई. बाहेर कुठूनही करून मिळेल."

भाऊजींचा हात कागदावर तसाच राहिला. मी जयवंतीकडे बघितलं. ती नाही म्हणाली असती तर मी फाइल बंद केली असती आणि बहुतेक परत कधी त्या खुर्चीत बसलो नसतो.

ती पदराने तोंड पुसून म्हणाली, "बाय, माजी जाव हाय ना, तिचं नाव म्हागं पडलं तं ती लग्नाला येयाची नाय. माजा दीर तसाच. ताय किती खेपा बसली माज्या मानसांसाठी. ह्याला वर घे, त्याला खाली घे. एकदा पन कटाळली नाय. ती गेली म्हनून ते हात वायट झालं काय? माज्या पोरीला तिनं लिवलेलाच कागद पायजे. दुसरा नको मला."

नणंदबाई वळल्या. आत गेल्या आणि थोड्या वेळाने चहा घेऊन आल्या. जयवंतीला पहिला कप दिला.

मला भीती वेगळीच होती. त्या खराब जागा. मी "लग्न नवीन खरं" वर क्लिक केलं आणि फाइल उघडेपर्यंत माझे हात गार पडले. त्या सगळ्या दिवसांत अंगाला काही जाणवलं असेल तर ते तेवढंच.

उघडली. पूर्ण. वर गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब आणि खाली माणसंच माणसं. जयवंतीला वाचता येत नाही, म्हणून भाऊजी वाचायला लागले. आत्या, काका, मावश्या, होडीवाले, बर्फवाले, गल्लीतली पोरं, "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं". प्रत्येक नावाला जयवंती मान डोलवत होती. जाऊबाई आल्या, बरोबर जागेवर आल्या, तेव्हा ती जराशी हसली. आणि भाऊजी त्याच सपाट आवाजात वाचत गेले, "नवऱ्या मुलाचे काका. श्री. कंस. जयवंतीला विचारणे. कंस पुरा."

आणि थांबले.

ते तू स्वतःसाठी लिहून ठेवलं होतंस. बुधवारी विचारायचं म्हणून.  मग जयवंती म्हणाली, अगदी हळू, तूच विचारलंस आणि तुलाच सांगतेय अशी, "काशिनाथ."

मी तुझा कंस खोडला आणि काशिनाथ लिहिलं. खोडताना बोट थांबलं माझं, ते खरं. पण ती पत्रिका लोकांच्या हातात जायची होती. तू असतीस तर माझ्या हातावर मारून खोडायला लावलं असतंस.

निघताना जयवंतीने दारात मला विचारलं, "तू बसशील आता हितं?" मी काही म्हणायच्या आत भाऊजी म्हणाले, "रविवारी येतो तो." माझं त्यांचं असं काही ठरलं नव्हतं. मी हो म्हणालो.

तुझं कार्य झालं. आणि काल रविवार होता, मी गेलो. भाऊजींनी टेबल पुसून ठेवलं होतं. मी त्या जुन्या कीबोर्डवर बाराखडी गिरवत बसलो होतो, शाळेतल्यासारखी, आणि ते वर्तमानपत्र वाचत होते. बेल वाजली. वरच्या मजल्यावरचं ते तरुण जोडपं. बाळंतपणासाठी मुलगी कोल्हापूरला माहेरी होती, नवराही महिनाभर तिकडेच, आदल्या दिवशीच परतले. तिच्या कुशीत गुंडाळलेलं बाळ. दोघांचे चेहरे नुसते फुललेले.

"ताई आहेत का?" मुलगी म्हणाली. "बारशाची पत्रिका करायचीय. त्यांना बाळ दाखवायचं होतं आधी."

भाऊजी उठले, खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "बसा."  मला वाटलं ते सांगतील. त्यांना वाटलं असणार मी सांगेन. मी विचारलं, "काय नाव ठेवताय?"

"रूही."

मी बोटं टेकवली आणि विचारलं, "रु ह्रस्व की दीर्घ?"

दोघं एकमेकांकडे बघून हसली. "आमचं त्यावरूनच भांडण चाललंय," तो म्हणाला. "तेच तर ताईंना विचारायला आलो. ताई सांगतील ते फायनल, असं ठरलंय."

"ताई गेली," मी म्हणालो.

ताई, हे मी तोपर्यंत कुणाला म्हटलंच नव्हतं. दर वेळी दुसरं कुणीतरी सांगत होतं, मी शेजारी उभा असायचो. ते दोन शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाले, अनोळखी पोरांसमोर, आणि मला पुढे बोलता येईना. स्क्रीन दिसेना. मी टेबलाला धरून बसलो आणि मला ऐकू येत होतं की कुणीतरी रडतंय. तो मीच होतो. बाळ जागं झालं आणि तेही रडायला लागलं. तो बिचारा मुलगा, "काका, राहू दे, आम्ही नंतर येतो," म्हणत उठला.

"बसा," भाऊजी परत म्हणाले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो तिथेच राहू दिला. मग त्या मुलीला विचारलं, "तुम्ही तिला हाक कशी मारता?"

मुलीचे डोळे भरले होते. ती बाळावर वाकली आणि त्याला उगी करत म्हणाली, "रूहीऽऽ. ए रूहीऽऽ."

"लांब आहे," भाऊजी म्हणाले. "दीर्घ लिही."

मी दीर्घ लिहिलं. ताई, बरोबर आहे ना?